छापील गती आणि चालवलेली गती : वैयक्तिक संगणकाच्या प्रोसेसरची घड्याळगती वाढविण्यातील अडचणींचा इतिहास (१९८१ ते २००१)

सारांश

निर्मात्याने ठरवून दिलेल्या घड्याळगतीपेक्षा अधिक गतीने प्रोसेसर चालविण्याची प्रथा वैयक्तिक संगणकाइतकीच जुनी आहे. संगणकाच्या व्यवहारात तिला 'ओव्हरक्लॉकिंग' म्हणतात. प्रस्तुत लेखात १९८१ ते २००१ या दोन दशकांतील या प्रथेचा आणि तिच्यातून उद्भवलेल्या अडचणींचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे. प्रोसेसर जळणे ही या अडचणींपैकी सर्वांत ठळक, पण सर्वांत कमी महत्त्वाची अडचण होय. कोणतीही खूण मागे न ठेवता होणारी गणनेतील चूक ही खरी अडचण आहे, आणि म्हणूनच छापील गती हा तांत्रिक आकडा असण्याबरोबरच उत्तरदायित्वाची सीमारेषाही ठरते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : प्रोसेसर, घड्याळगती, ओव्हरक्लॉकिंग, मदरबोर्ड, बस, उष्णता, मूक चूक, पुनर्मुद्रांकन

१. प्रस्तावना

काही काळापूर्वी आमच्या महाविद्यालयात जुन्या संगणकांच्या निर्लेखनाचे काम चालू असताना जडवस्तू नोंदवही आणि प्रत्यक्ष वस्तू ताडून पाहण्याची जबाबदारी प्रस्तुत लेखकाकडे आली. एका नोंदीत 'सेलेरॉन, ४५० मेगाहर्ट्झ' असे स्वच्छ अक्षरांत लिहिले होते. यंत्र सुरू होत नव्हते. झाकण उघडून प्रोसेसरची पट्टी बाहेर काढली, तेव्हा तिच्यावर छापलेला आकडा ३०० असा निघाला. इंटेलने सेलेरॉनच्या त्या मालिकेत मेजावरील संगणकांसाठी ४५० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर कधी विक्रीस आणलाच नव्हता, ही गोष्ट नंतर लक्षात आली. नोंदवहीतील आकडा मग आला कोठून?

इतिहासाच्या अभ्यासकाला अशा विसंगतीचे आकर्षण असते. दोन साधने परस्परविरोधी साक्ष देऊ लागली की त्यांच्यामधल्या फटीत काही घडलेले असते. या एका नोंदीच्या निमित्ताने सुरू झालेला शोध वैयक्तिक संगणकाच्या इतिहासातील एका दुर्लक्षित प्रकरणापर्यंत गेला. संगणकाचा इतिहास बहुधा नव्या प्रोसेसरांच्या जन्मतिथींनी सांगितला जातो. ते प्रोसेसर लोकांनी प्रत्यक्षात कसे वापरले, कोठे ताणले आणि त्या ताणाची किंमत कोणी मोजली, हा भाग मात्र मागे पडतो. तो भाग पुढे आणणे हा या लेखाचा हेतू आहे.

२. छापील गती म्हणजे काय?

प्रोसेसरमधील लक्षावधी ट्रान्झिस्टर एका समान ठोक्यावर काम करतात. हा ठोका म्हणजे घड्याळस्पंद होय. एक मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला दहा लक्ष स्पंद. प्रत्येक स्पंदाबरोबर विद्युतसंकेत ट्रान्झिस्टरांच्या एका साखळीतून निघतात आणि पुढचा स्पंद पडण्यापूर्वी त्यांनी साखळीच्या टोकाला पोहोचून स्थिर व्हावे लागते. प्रोसेसरमध्ये अशा असंख्य साखळ्या असतात. त्यांपैकी सर्वांत लांब साखळी जेवढा वेळ घेते, त्याहून कमी अवधी दोन स्पंदांमध्ये ठेवता येत नाही. ठेवल्यास संकेत पोहोचण्यापूर्वीच त्याचे वाचन होते, आणि एकाच्या जागी शून्य किंवा शून्याच्या जागी एक नोंदला जातो.

संकेताला लागणारा हा वेळ कायमचा ठरलेला नसतो. तापमान वाढले की तो सर्वसाधारणपणे वाढतो, व्होल्टेज कमी झाले तरीही वाढतो. शिवाय सिलिकॉनच्या एकाच चकतीतून कापलेल्या दोन चिपाही तंतोतंत सारख्या नसतात. म्हणून निर्माता प्रत्येक चिपेची चाचणी घेतो आणि ठरावीक कमाल तापमानात व किमान व्होल्टेजवरही ती ज्या गतीने खात्रीने चालेल, तो आकडा तिच्यावर छापतो. छापील गती आणि चिपेची प्रत्यक्ष क्षमता यांत त्यामुळे नेहमीच काही अंतर राहते. अनेकदा हे अंतर व्यापारी कारणांनीही वाढते. उत्पादनप्रक्रिया सुधारली की बहुतेक चिपा उच्च गतीच्या निघू लागतात, पण बाजारात मागणी स्वस्त मालाला असते; मग सक्षम चिपांवरही खालचा आकडा छापला जातो. या राखीव अंतरावर हक्क कोणाचा, हा आपल्या विषयाचा गाभा आहे. निर्मात्याने ते सुरक्षिततेसाठी राखलेले असते, ग्राहकाला ते फुकट मिळणारे धन वाटते आणि मधल्या विक्रेत्याला त्यात नफा दिसतो.

३. स्फटिक बदलण्याचा काळ

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक जाहीर केला. त्यातील इंटेल ८०८८ प्रोसेसर ५ मेगाहर्ट्झसाठी बनविलेला होता. तो चालविला गेला मात्र ४.७७ मेगाहर्ट्झवर. या विचित्र आकड्याचे कारण काटकसरीत आहे. मदरबोर्डावर १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा एकच स्फटिक होता. त्याला चारने भागले की अमेरिकन दूरचित्रवाणीच्या रंगसंकेताला लागणारी वारंवारता मिळे, तीनने भागले की प्रोसेसरची गती, आणि बाराने भागले की वेळ मोजणाऱ्या चिपेची गती. म्हणजे आयबीएमचा हा वैयक्तिक संगणक छापील गतीपेक्षा किंचित सावकाश चालत होता. तरीही तो सहजपणे वेगवान करता येत नव्हता, कारण स्फटिक बदलला की पडद्यावरील रंग आणि संगणकातील वेळ दोन्ही बिघडत. एका घड्याळावर अनेक घटक अवलंबून असले की एकाची गती स्वतंत्रपणे वाढविता येत नाही, हा धडा येथे प्रथम मिळाला. पुढच्या वीस वर्षांत तो पुन्हा पुन्हा शिकावा लागला.

१९८४ मध्ये आलेल्या आयबीएम पीसी-एटीमध्ये परिस्थिती बदलली. त्यातील ८०२८६ प्रोसेसर ६ मेगाहर्ट्झवर चाले आणि त्यासाठी १२ मेगाहर्ट्झचा वेगळा स्फटिक होता. वेळ मोजण्याची व्यवस्था स्वतंत्र असल्याने हा स्फटिक काढून तेथे १६ मेगाहर्ट्झचा बसविला की यंत्र ८ मेगाहर्ट्झवर चाले. काही डॉलरांच्या सुट्या भागात एक तृतीयांश अधिक गती मिळत असल्याने ही युक्ती झपाट्याने पसरली. काहींनी १८ मेगाहर्ट्झचा स्फटिक लावून ९ मेगाहर्ट्झपर्यंत मजल मारली. परंतु विस्तारपट्ट्या ज्या बसवर बसत, ती बसही प्रोसेसरच्याच गतीने धावत असे. प्रोसेसर वाढीव गती सोसे, पण एखादी जुनी पट्टी किंवा मंद स्मृतिचिप मागे पडे आणि यंत्र अडखळे.

आयबीएमने यावर दिलेला प्रतिसाद उल्लेखनीय आहे. नंतरच्या एटी संगणकांच्या बायोसमध्ये गती तपासण्याची सोय घालण्यात आली. स्फटिक बदललेला आढळल्यास यंत्र सुरूच होत नसे. १९८६ मध्ये खुद्द आयबीएमनेच ८ मेगाहर्ट्झचे एटी विक्रीस आणले. निर्माता आणि वापरकर्ता यांच्यातील राखीव अंतरावरचा हा पहिला उघड संघर्ष म्हणता येईल.

४. गती वाढली, सॉफ्टवेअर कोलमडले

गती वाढविण्यातील अडचणी केवळ यंत्राच्या नव्हत्या. सुरुवातीच्या अनेक प्रणाली ४.७७ मेगाहर्ट्झ हीच संगणकाची शाश्वत गती आहे असे गृहीत धरून लिहिल्या होत्या. थोडा वेळ थांबायचे असल्यास प्रोसेसरला काही हजार वेळा निरर्थक आकडेमोड करायला लावणे ही त्या काळची रूढ पद्धत होती. प्रोसेसर वेगवान झाला की हा 'थोडा वेळ' आणखी थोडा होई. खेळांतील पात्रे डोळ्यांना दिसेनाशी होत आणि लवचिक चकतीवरील नक्कल-प्रतिबंधाच्या तपासण्या फसत. संगणकाच्या दर्शनी भागावर पुढे दिसू लागलेले 'टर्बो' बटण हे या अडचणीचेच अपत्य. नावावरून ते गती वाढविणारे वाटते. त्याचा खरा उपयोग वेगवान यंत्राला जुन्या प्रणालींसाठी मुद्दाम सावकाश करण्याचा होता.

ही चूक दीर्घायुषी ठरली. टर्बो पास्कलमधील सीआरटी हा भाग प्रणाली सुरू होताना सुमारे ५५ मिलिसेकंदांत प्रोसेसर किती फेऱ्या मारतो हे मोजून ५५ ने भागत असे. प्रोसेसर २०० मेगाहर्ट्झच्या आसपास पोहोचल्यावर हा भागाकार सोळा अंकस्थानांत मावेनासा झाला, आणि कालपर्यंत सुरळीत चालणाऱ्या प्रणाली 'रनटाइम एरर २००' असा संदेश देऊन थांबू लागल्या. विंडोज ९५ सुद्धा एएमडीच्या के-६-२ या प्रोसेसरवर ३५० मेगाहर्ट्झ व त्यापुढे सुरू होताना कोसळत असे, आणि मायक्रोसॉफ्टला त्यासाठी दुरुस्ती काढावी लागली. ही दोन्ही उदाहरणे निर्मात्याने मान्य केलेल्या गतीवरची आहेत. गती हा प्रोसेसरचा एकट्याचा गुण नसून संपूर्ण व्यवस्थेचा करार असतो, हे त्यांवरून दिसते.

५. बसचे बंधन

१९९२ मध्ये इंटेलने ४८६डीएक्स२ आणला. त्यात मदरबोर्डाचे घड्याळ ३३ मेगाहर्ट्झच राहून प्रोसेसर आतल्या आत दुप्पट, म्हणजे ६६ मेगाहर्ट्झवर चाले. यानंतर गतीचे दोन घटक झाले : बसची गती आणि तिला लावलेला गुणक. १९९३ मध्ये आलेल्या पेन्टियमच्या पुढील आवृत्त्यांत बस ५०, ६० किंवा ६६ मेगाहर्ट्झ आणि गुणक दीडपासून पुढे अशी रचना होती. दोन्ही निवडी मदरबोर्डावरील जंपरांनी करता येत. ७५ मेगाहर्ट्झचा पेन्टियम ५० च्या बसवर दीड गुणकाने चाले. बस ६० केली की तोच प्रोसेसर ९० मेगाहर्ट्झवर धावू लागे. स्फटिक उपटण्याची गरज संपली आणि जंपरची एक टोपी हलविणे पुरेसे झाले.

मात्र याच सोयीतून सर्वांत घातक अडचण निर्माण झाली. विस्तारपट्ट्यांसाठीची पीसीआय बस ३३ मेगाहर्ट्झसाठी आखलेली होती आणि तिचे घड्याळ मुख्य बसला भागून मिळे. मुख्य बस ६६ असता तिच्या निम्मे म्हणजे ३३. काही मदरबोर्डांवर ७५ आणि ८३ मेगाहर्ट्झच्याही निवडी असत. ७५ वर पीसीआय ३७.५ होई आणि ८३ वर ४१.५, म्हणजे मर्यादेच्या सुमारे पंचवीस टक्के वर. हार्ड डिस्कशी होणाऱ्या देवाणघेवाणीचे कालमापन याच पीसीआयच्या स्पंदांत होत असल्याने डिस्कवर लिहिण्याचा वेगही नकळत वाढे. प्रोसेसर या गतीला निर्धोक चालत असतानाच डिस्कवर चुकीची अक्षरे लिहिली जात. फायलींची सूची बिघडली की सगळी माहितीच हाती लागेनाशी होई. वापरकर्ता प्रोसेसरच्या तापमानाकडे लक्ष ठेवून असे, आणि घाव बसे तो डिस्कवरील कामावर.

६. सेलेरॉन ३००ए : एका विशेष उदाहरणाचा अभ्यास

या पार्श्वभूमीवर २४ ऑगस्ट १९९८ या दिवसाचे महत्त्व कळते. त्या दिवशी इंटेलने सेलेरॉन ३००ए विक्रीस आणला. त्याची घाऊक किंमत १४९ डॉलर होती. त्याच दिवशी आलेल्या ४५० मेगाहर्ट्झच्या पेन्टियम-२ ची किंमत ६६९ डॉलर होती. स्वस्त ग्राहकांसाठीच्या या सेलेरॉनमध्ये १२८ किलोबाइटची दुय्यम कॅश स्मृती प्रोसेसरच्याच चिपेवर होती आणि ती प्रोसेसरच्या पूर्ण गतीने चाले. महाग पेन्टियम-२ मध्ये ती चौपट, म्हणजे ५१२ किलोबाइट होती, परंतु निम्म्या गतीची होती. गुणकात फेरफार करता येऊ नये म्हणून इंटेलने सेलेरॉनचा गुणक ४.५ वर बंदिस्त केला होता. ६६ च्या बसवर त्यामुळे ३०० ही गती मिळे. बस मात्र मोकळी होती.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलेल्या इंटेल ४४०बीएक्स या चिपसंचामुळे १०० मेगाहर्ट्झची बस उपलब्ध झालेली होती. साडेचार गुणिले शंभर म्हणजे साडेचारशे. या मदरबोर्डांत १०० च्या बसवर पीसीआय निम्म्याऐवजी एक तृतीयांश होई, म्हणजे पुन्हा नेमकी ३३. येथे एक विरोधाभास लक्षात घ्यावा. ८३ ही लहान उडी डिस्कला धोक्याची होती आणि १०० ही मोठी उडी डिस्कला निर्धोक होती. ज्या मदरबोर्डांवर बस निवडण्याची सोय नव्हती, तेथे प्रोसेसरच्या पट्टीवरील बी-२१ क्रमांकाचा संपर्कबिंदू चिकटपट्टीच्या तुकड्याने झाकत. मग मदरबोर्ड आपणहून १०० ची बस निवडत असे. निम्म्यापेक्षाही कमी पैशांत सर्वांत महागड्या प्रोसेसरच्या तोडीचे काम मिळू लागले.

तथापि प्रत्येक ३००ए ४५० पर्यंत पोहोचत नसे. काही चिपा सहज चालत, काही व्होल्टेज वाढविल्यावर चालत, काही अजिबात नाही. ६६ मेगाहर्ट्झसाठीच्या जुन्या स्मृतिपट्ट्या १०० ला दगा देत. त्यासाठी नव्या पट्ट्या घ्याव्या लागत. आमच्या नोंदवहीतील ४५० या आकड्याचे मूळ बहुधा येथेच असावे. संगणक सुरू होताना बायोस पडद्यावर प्रत्यक्ष चालू असलेली गती दाखवितो, छापील नव्हे. नोंद करणाऱ्याने पडद्यावरचा आकडा उतरवून घेतला असेल किंवा विक्रेत्याच्या बिलातला. खरेदीचे बिल उपलब्ध झाले नाही. प्रोसेसर नंतर बदलला गेला असण्याची शक्यताही नाकारता येत नाही. म्हणून येथे फसवणूक झालीच, असा निष्कर्ष काढणे अनैतिहासिक ठरेल.

७. उष्णतेचे गणित

गती वाढविल्याने उष्णता वाढते हे सर्वश्रुत आहे, पण ती किती वाढते याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. ट्रान्झिस्टरांच्या उघडझापेत खर्च होणारी शक्ती घड्याळगतीच्या समप्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या समप्रमाणात असते. ३०० चे ४५० केले तर उष्णता दीडपट. वाढीव गती स्थिर व्हावी म्हणून व्होल्टेज २.० वरून २.२ केले, तर त्या दहा टक्क्यांचा वर्ग १.२१. दोहोंचा गुणाकार सुमारे १.८. म्हणजे पन्नास टक्के गतीसाठी जवळजवळ ऐंशी टक्के जादा उष्णता.

ही उष्णता शेवटी खोलीतील हवेलाच द्यायची असते. चिपेची कमाल मर्यादा उदाहरणादाखल ८५ अंश सेल्सिअस धरू. खोली २५ अंश असेल तर उष्णता वाहून नेण्यासाठी ६० अंशांचा फरक मिळतो, खोली ४० अंश असेल तर ४५ अंशांचा. तोच पंखा आणि तोच उष्णताशोषक एक चतुर्थांश कमी उष्णता बाहेर टाकतो. थंड देशांतील छंदिष्टांचे निष्कर्ष विदर्भ-खानदेशातील महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत, ते यामुळे. मे महिन्यात चंद्रपूरसारख्या ठिकाणी पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो, उष्णताशोषकाच्या पात्यांत धूळ साचते आणि वीजपुरवठ्याचा दाब खाली-वर होतो. जानेवारीत निर्दोष चालणारे यंत्र परीक्षेच्या हंगामात अडू लागले, तर नवल नव्हे. हिवाळ्यातील चाचणी उन्हाळ्याची हमी देत नाही.

उष्णतेचा दुसरा परिणाम मंदगतीने होतो. चिपेतील सूक्ष्म धातुतारांमधून जोरदार प्रवाह सतत वाहिला की इलेक्ट्रॉनांच्या रेट्याने धातूचे अणू जागेवरून सरकतात, तार झिजते आणि अखेर तुटते. या 'इलेक्ट्रोमायग्रेशन'चे गणिती सूत्र जेम्स ब्लॅक यांनी १९६९ मध्ये मांडले. त्यानुसार तापमान वाढेल तसे तारेचे आयुष्य घातांकी वेगाने घटते. दहा वर्षे टिकू शकणारी चिप दोन-तीन वर्षांत निकामी झाली, तरी दर तीन वर्षांनी संगणक बदलणाऱ्याला त्याची झळ लागत नाही. आपल्याकडे मात्र एक यंत्र दहा-दहा वर्षे चालविण्याचा प्रघात आहे.

तत्क्षणी जळण्याची उदाहरणेही आहेत. २००१ मध्ये 'टॉम्स हार्डवेअर'ने केलेल्या एका चित्रित प्रात्यक्षिकात चालू यंत्रातील एएमडी अ‍ॅथलॉनवरील उष्णताशोषक काढताच काही सेकंदांत प्रोसेसर जळून धूर निघाला. त्याच चाचणीत इंटेलच्या पेन्टियम-४ ने आपणहून गती कमी करून स्वतःला वाचविले. अशा नाट्यमय दृश्यांनी लोकांच्या मनात गतिवाढ म्हणजे जळण्याचा धोका, असे समीकरण रुजले. वास्तविक जळालेला प्रोसेसर निदान आपला दोष जाहीर तरी करतो.

८. मूक चुका

प्रोसेसर मर्यादेच्या काठावर असतो तेव्हा तो बंद पडेलच असे नाही. अब्जावधी क्रियांमध्ये एखादी क्रिया चुकते. ती चूक चित्रातील एका ठिपक्यात झाली तर कोणाच्या लक्षात येत नाही, पत्त्याच्या गणनेत झाली तर यंत्र कोसळते, आणि वेतनपत्रकाच्या किंवा गुणतक्त्याच्या बेरजेत झाली तर ती सत्य म्हणून नोंदली जाते. मोठ्या अविभाज्य संख्यांच्या शोधासाठी १९९६ पासून वापरात असलेली 'प्राइम९५' ही प्रणाली यामुळेच गतिवाढ करणाऱ्यांची कसोटी बनली. ती ज्ञात उत्तरे असलेली अवजड गणिते तासन्‌तास करून घेते आणि उत्तर चुकले की सांगते. विंडोज सुरळीत चालणारी यंत्रेही या कसोटीत अनुत्तीर्ण होत.

मायक्रोसॉफ्टमधील अभियंता रेमंड चेन यांनी २००५ मध्ये लिहिलेले टिपण या संदर्भात मोलाचे आहे. विंडोज कोसळल्यावर आलेले अहवाल तपासताना त्यांच्या एका सहकाऱ्याला, जी आज्ञा चुकूच शकत नाही अशा आज्ञेवर प्रोसेसर अडल्याची उदाहरणे आढळली. प्रोसेसरच्या आतील एका नोंदस्थानात शून्य ठेवणे एवढेच तिचे काम; तिला स्मृतीची गरज नाही की कशाचीच नाही. संबंधित वापरकर्त्यांकडे चौकशी केली असता यंत्रांची गती वाढविलेली निघाली. त्यांपैकी काहींना गतिवाढ म्हणजे काय हेच ठाऊक नव्हते. लहान दुकानांतून घेतलेली त्यांची यंत्रे विकतानाच, त्यांना न सांगता, गती वाढवून दिलेली होती.

पुढे २०११ मध्ये नाइटिंगेल, डाउसर व ऑर्गोव्हन या मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सुमारे दहा लक्ष घरगुती संगणकांच्या बिघाडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गती वाढविलेली यंत्रे लक्षणीयरीत्या अधिक वेळा कोसळतात, एकदा असा बिघाड झालेल्या यंत्रात तो पुन्हा होण्याची शक्यता कितीतरी पटींनी वाढते, आणि नामांकित कंपन्यांच्या यंत्रांपेक्षा जुळवणी केलेली यंत्रे कमी विश्वासार्ह असतात, असे त्यांना आढळले. छंदिष्टांच्या अनुभवांपलीकडे जाणारा मोठ्या प्रमाणावरचा पुरावा यामुळे उपलब्ध झाला.

९. पुनर्मुद्रांकन आणि कुलूपबंद गुणक

नव्वदच्या दशकात प्रोसेसरवरील मूळ आकडा खरवडून तेथे वरचा आकडा छापण्याचा धंदा अनेक देशांत फोफावला. छंदिष्ट वापरकर्ता राखीव अंतर स्वतःच्या जबाबदारीवर घेत होता. येथे विक्रेता ते अंतर स्वतः खिशात घालून त्याची जोखीम अजाण ग्राहकाच्या माथी मारीत होता. गुणक बंदिस्त करण्याच्या इंटेलच्या निर्णयामागे हे एक महत्त्वाचे कारण होते. त्या निर्णयाने महाग प्रोसेसरांची विक्रीही सुरक्षित झाली, हे अर्थातच खरे.

कुलपे मात्र पुरती टिकली नाहीत. एएमडीच्या २००० मधील थंडरबर्ड आणि ड्युरॉन या प्रोसेसरांवर तुटलेले सूक्ष्म दुवे शिसपेन्सिलीने रेघ ओढून जोडता येत, कारण ग्राफाइट विद्युतवाहक आहे. पुढल्याच वर्षीच्या अ‍ॅथलॉन एक्सपीमध्ये दुव्यांच्या मध्ये लेसरने खड्डे पाडण्यात आले. लोकांनी खड्डे बुजवून वर चांदीचा वाहक रंग लावण्यास सुरुवात केली.

१०. निर्मात्याचीच परीक्षा

राखीव अंतर ओलांडण्याचा मोह निर्मात्यालाही सुटला नाही. मार्च २००० मध्ये एएमडी आणि इंटेल यांनी अवघ्या दोन दिवसांच्या अंतराने १ गिगाहर्ट्झचा टप्पा गाठला. या चढाओढीत इंटेलने ३१ जुलै २००० रोजी १.१३ गिगाहर्ट्झचा पेन्टियम-३ जाहीर केला. टॉम पॅब्स्ट आणि काइल बेनेट या स्वतंत्र परीक्षकांना त्यावर लिनक्सचा गाभा कम्पाइल करण्याचे काम पुरेच होत नसल्याचे आढळले. इंटेलने प्रथम शंका व्यक्त केली, नंतर दोष मान्य केला आणि ऑगस्ट संपण्यापूर्वीच प्रोसेसर परत मागविला. सुधारित स्वरूपात तो २००१ मध्ये पुन्हा आला. निर्मात्याने छापलेली गतीही येथे चिपेच्या क्षमतेपलीकडे गेली होती. फरक एवढाच की आकडा छापणारा ओळखीचा होता, म्हणून जाब विचारता आला आणि माल परत करता आला.

हा प्रश्न आजही संपलेला नाही. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील मेजावरील प्रोसेसरांमध्ये वाढीव व्होल्टेजमुळे अस्थिरता येत असल्याचे कंपनीने मान्य केले, दुरुस्ती प्रसृत केली आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविली.

११. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, घड्याळगती वाढविण्यातील अडचणी प्रोसेसरपेक्षा त्याच्या शेजाऱ्यांना अधिक जाणवल्या : स्मृती, विस्तारपट्ट्या, हार्ड डिस्क आणि सॉफ्टवेअर. दुसरा, या अडचणी स्थानिक हवामान व वापराच्या कालावधीनुसार बदलतात; म्हणून एका देशातील अनुभव दुसऱ्या देशात प्रमाण मानता येत नाही. तिसरा, छापील गती आणि प्रत्यक्ष क्षमता यांतील अंतर जो वापरतो, त्यानेच त्याची जोखीम उचलावी, हे तत्त्व जेथे मोडले तेथे छंदाचे रूपांतर फसवणुकीत झाले.

चौथा निष्कर्ष इतिहासाच्या साधनांविषयी आहे. जळालेली चिप, परत मागविलेला माल, बिघडलेली डिस्क यांच्या नोंदी राहतात. मूक चुकीची नोंद राहत नाही. ती योग्य उत्तरांच्या रांगेत योग्य उत्तराच्याच वेषात बसते. आमच्या नोंदवहीतील तो संगणक कार्यालयात कित्येक वर्षे चालला. त्यावर किती याद्या, किती बेरजा, किती गुणपत्रके तयार झाली असतील, आणि त्यांत एखादा आकडा चुकला असेल काय, हे आता कोणत्याही साधनावरून सिद्ध करता येणार नाही. निर्लेखनाच्या अहवालात प्रस्तुत लेखकाने एवढेच केले, की नोंदवहीतील ४५० हा आकडा न खोडता त्यासमोर 'प्रोसेसरवरील छापील गती ३००' असा शेरा लिहून त्याखाली स्वाक्षरी केली.